आजोबांची पॉइंट टू टू: जुन्या बोल्ट ॲक्शन रायफलीबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी सांगलीला गावभागात आजोबांनी साठच्या दशकात घेतलेली ब्रनो कंपनीची पॉइंट टू टू रायफल आहे. २०१९ च्या पुरात ती कपाटासकट पाण्याखाली गेली होती, आणि तिला परत माणसात आणताना मी जेवढं शिकलो त्यातलं निम्मं चुका करून शिकलो. तेव्हापासून नात्यातले, नात्यातल्यांचे शेजारी, साताऱ्याकडचे वडिलांचे मित्र असे सगळे फोन करून तेच तेच विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. मी गनस्मिथ नाही, वकील तर अजिबात नाही, लायसन्सवाला साधा माणूस आहे.

माळ्यावर आजोबांची रायफल सापडली, आधी काय करू?

आधी ती भरलेली नाही ना हे बघा. मॅगझिन (काडतुसांची डबी) काढा, बोल्ट (मागून नळी बंद करणारा, हातानं ओढायचा लोखंडी दांडा) मागं ओढा, चेंबरमध्ये, म्हणजे नळीत मागं काडतूस बसतं तिथं, डोळ्यानं बघा आणि मग करंगळीच्या टोकानं चाचपून बघा, कारण माळ्यावरच्या अंधारात डोळा फसतो. "चाळीस वर्षं पडून आहे, कसली भरलेली असतीय" असं म्हणणारा प्रत्येक घरात एक असतो, त्याला बाजूला बसवा.

मग लगेच कागद शोधा. लायसन्स कुणाच्या नावावर होतं, शेवटचं रिन्यू कधी झालं, रायफलीवरचा नंबर त्यात चढलाय का. लायसन्सधारक वारले असतील तर त्यांचं लायसन्स तुमच्या हातातल्या रायफलीला चालत नाही, वारस म्हणून तुम्हाला वेगळा अर्ज करावा लागतो आणि तो होईपर्यंत हत्यार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा लायसन्स असलेल्या डीलरकडं जमा ठेवायचं असतं, शस्त्र कायद्याचं कलम २१ हेच सांगतं. जमा करताना पावती घ्या, पावतीवर नंबर आणि रायफलीची अवस्था लिहून घ्या, शक्य असेल तर फोटो काढून ठेवा. हे झाल्याशिवाय तेलाची बाटलीसुद्धा उघडू नका.

वारसाच्या नावावर होते का ती?

होते. शस्त्र नियम २०१६ मधला नियम २५ त्यासाठीच आहे. धारक वारल्यावर तर होतेच, पण जिवंत असतानाही होते, त्याचं वय ७० पूर्ण झालं असेल किंवा हत्यार त्याच्याकडं २५ वर्षं असेल तर तो वारसाला देऊ शकतो. आमच्या वडिलांनी सत्तरी झाल्यावर असंच माझ्या नावावर केलं. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जातो, पोलीस व्हेरिफिकेशन होतं, बाकीच्या वारसांची ना हरकत लागते, आणि इथंच घोडं पेंड खातं, कारण ज्या काकांनी तीस वर्षांत रायफलीकडं ढुंकून बघितलं नाही त्यांना सही करायच्या दिवशी तिच्याबद्दल फार प्रेम येतं.

अजून एक, डिसेंबर २०१९ मध्ये कायदा बदलला. आधी एका माणसाला तीन हत्यारं ठेवता यायची, आता दोनच, वारशानं आलेलं धरून. लायसन्सची मुदत मात्र तीनची पाच वर्षं झाली. मान्यताप्राप्त रायफल क्लबचे मेंबर टार्गेट प्रॅक्टिससाठी पॉइंट टू टू वापरत असतील तर त्यांना संख्येच्या मर्यादेतून सवलत आहे, ते क्लबात नीट विचारून घ्या.

पण आमची बिघडलेली आहे, उडतच नाही. तरी लायसन्स?

हो, तरी. कलम ४५ मध्ये सूट आहे ती जुन्या पुराण्या किंवा मोडलेल्या अशा हत्यारांना, जी दुरुस्त करूनही उडणार नाहीत. "दुरुस्त करूनही" हा शब्द लक्षात ठेवा. फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई) तुटलेली रायफल नवीन पिन टाकली की उडते, म्हणजे ती सूटमध्ये बसत नाही. शंभर वर्षं जुनी असली म्हणूनही आपोआप सुटत नाही. ठरवणारे आपण नाही, ते कार्यालय ठरवतं.

पॉइंट टू टू म्हणजे नक्की काय? एनसीसीत उडवायचो तीच का?

गोळी तीच. पॉइंट टू टू लाँग रायफल, १८८७ पासून चालत आलेली. नळीचा व्यास साधारण साडेपाच मिलिमीटर, शिशाची गोळी ४० ग्रेनची म्हणजे अडीच ग्रॅमच्या जरा वर. रिमफायर अशासाठी की काडतुसाच्या बुडाला मधोमध टोपी नसते, पेटणारा मसाला बुडाच्या कडेत फिरवून भरलेला असतो आणि पिन त्या कडेवर आपटते. त्यामुळं पितळ पातळ लागतं, दाब कमी ठेवावा लागतो आणि रिकामी टरफलं परत भरता येत नाहीत. आवाज बारीक म्हणून लोक हिला खेळणं समजतात, पण ही गोळी दीड किलोमीटरच्या पुढं जाते, उसाच्या फडात कोण वाकून भांगलतंय ते तिला दिसत नाही.

माझी कुठल्या कंपनीची आहे कसं ओळखू?

नळीवर आणि चेंबरच्या बाजूला बारीक छाप असतात, अंगठ्यानं तेल पुसा आणि बॅटरी तिरकी धरा म्हणजे उठून दिसतील. आपल्याकडच्या घरांत जास्त करून या सापडतात. ब्रनो, म्हणजे तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातली, मॉडेल १ आणि मॉडेल २, वर्तुळातला झेड आणि चेक सिंहाचा प्रूफ मार्क (तपासणीचा शिक्का), शेजारी बहुतेक वर्षाचे दोन आकडे. बीएसए, बर्मिंगहॅमची, तिच्यावर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफलींचं चिन्ह. जर्मन असेल तर मुकुटाखाली किंवा गरुडाखाली एन हे अक्षर, गरुडवाला एन म्हणजे १९३९-४० नंतरची. आणि आपली इशापूरची, पश्चिम बंगालच्या रायफल फॅक्टरीतली, आरएफआय असा छाप.

बीएसएची मार्टिनी बऱ्याच जणांकडं असते, खाली लिव्हर असलेली, ती बोल्ट ॲक्शन नव्हे. उत्तम रायफल आहे पण इथं लिहिलेलं बोल्टबद्दलचं तिला लागू करू नका.

बोल्टवरचा नंबर आणि नळीवरचा नंबर जुळतोय का ते बघून वहीत लिहा. पुढं किमतीच्या वेळी उपयोगी पडेल.

घरी किती उघडायची?

बोल्ट काढायचा, मॅगझिन काढायचं, आणि खालचे दोन स्क्रू सोडवून दस्त्यातून, म्हणजे लाकडी भागातून, लोखंड वेगळं करायचं. बस. बोल्टच्या आतलं, घोड्याचा सेट, नळी, हे लायसन्स असलेल्या गनस्मिथचं काम, आणि कायद्यानंसुद्धा धंदा म्हणून दुरुस्ती करायला वेगळं लायसन्स लागतं, त्यामुळं "आमच्या ओळखीचा एक लेथवाला आहे, भारी हात आहे त्याचा" हा विचार सोडा, तुम्हीही अडकाल आणि तोही.

स्क्रूबद्दल सांगतो. जुन्या रायफलीच्या स्क्रूची खाच अरुंद आणि सरळ भिंतीची असते, आपला हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू ड्रायव्हर पाचरीसारखा असतो, तो खाचेत बुडापर्यंत बसतच नाही, वरच्या वर कडा खातो. एक ड्रायव्हर घेऊन त्याचं टोक खाचेच्या मापाचं सपाट घासून घ्या आणि तो फक्त या कामाला ठेवा. कोल्हापूरच्या ज्या डीलरकडं मी गेलो त्यांनी रायफल हातात घेतल्यावर नळी नाही बघितली, उलटी करून आधी स्क्रू बघितले. म्हणाले, "स्क्रू शाबूत म्हणजे आत कुणी बोटं घातलेली नाहीत."

गंज कसा काढू? पॉलिश पेपर चालेल का?

नाही नाही नाही. पॉलिश पेपर, ग्राइंडरचा बफ, भांडी घासायची पावडर, सगळं बंद. आणि चिंच! एका काकूंनी तांब्याच्या हंड्यासारखी चिंच लावून बोल्ट "लख्ख" करून ठेवला होता. आम्ल गंज खातं हे खरं पण ब्लूइंग, म्हणजे लोखंडावरचा निळसर काळा थर, तो पण खातं, कारण ब्लूइंग हा रंग नाहीच, तोसुद्धा एक प्रकारचा गंजच आहे, काळा, घट्ट बसलेला. लाल गंज आणि काळा गंज यातला फरक लिंबाला काय कळतोय.

पद्धत अशी. शिलाई मशीनचं तेल किंवा कुठलंही हलकं मिनरल तेल लावून एक दिवस ठेवा. मग तांब्याच्या किंवा ब्राँझच्या नाण्याची कड घेऊन तेलातच हळूहळू खरवडा, ब्राँझ पोलादापेक्षा मऊ आणि गंजापेक्षा टणक म्हणून गंज सुटतो आणि पोलादाला ओरखडा पडत नाही. माझ्याकडं आजीच्या डब्यातला भोकाचा पैसा होता, १९४३ ते ४७ मधला, ब्राँझचा, भोकात बोट अडकवून धरायला पण बरा पडतो. तांबूस चिखलासारखं तेल येतं, पुसायचं, परत तेल. एका नळीला मला चार संध्याकाळ लागल्या. नंतर उरलेल्या ठिपक्यांना सगळ्यात बारीक स्टील वूल, चार झिरोचं, तेही भरपूर तेलात आणि बोटाचा जोर न लावता. खड्डे पडले असतील तर राहू द्या, खड्डे जाईपर्यंत घासणं म्हणजे उंदरासाठी घर जाळणं.

खोबरेल लावू नका, थंडीत गोठतं आणि पुढं चिकट होतं. शेंगतेल त्याहून वाईट, त्याचा डिंक होतो आणि पिन जागेवर चिकटते.

नळी आतून काळी दिसते. कशी साफ करायची?

बोल्ट ॲक्शनचा मोठा फायदा हा की बोल्ट काढला की मागून साफ करता येते. मागूनच करा. रॉड पुढून घातला की नळीच्या तोंडाची गोल कड झिजते, गोळी नळीबाहेर पडताना शेवटचा स्पर्श त्या कडेचा असतो, ती एका बाजूनं झिजली तर गोळी तिरकी सुटते मग बाकी काही करा. एनसीसीतला दोरीचा पुलथ्रू आणि चिंदी चालेल, पण सरळ रेषेत ओढा, जोडीदाराला धरायला लावा, तिरकी ओढलेली दोरीसुद्धा वर्षानुवर्षांत नळीला चर पाडते.

चिंदीला जुन्या मऊ धोतराचं कापड सगळ्यात भारी. पहिली चिंदी ओली सॉल्व्हंटची, मग पितळी ब्रश पाचसहा वेळा, मग सुक्या चिंद्या पांढऱ्या येईपर्यंत, शेवटची तेलाची. चिंदी ओढताना हाताला लक्ष द्या. सगळीकडं सारखी घट्ट जाते आणि एका जागी एकदम सैल होते असं वाटलं तर तिथं नळी फुगलेली आहे, कधीतरी आत गोळी अडकलेली असताना मागून दुसरी उडवलेली असते. उजेडात बघितलं तर तिथं काळी रिंग दिसते. अशी रायफल उडवायची नाही, सरळ गनस्मिथला दाखवा.

आणि आतून सगळंच गंजलं असं वाटलं तरी घाबरू नका, पुष्कळदा ते शिसं आणि गोळीवरच्या मेणाचा थर असतो. खरा गंज असेल तर त्याचं एक कारण जुनी काडतुसं. पूर्वीच्या प्रायमरमध्ये (काडतूस पेटवणाऱ्या मसाल्यात) पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळून मागं मिठासारखा क्षार राहतो आणि आपल्या पावसाळ्यात तो पाणी ओढतो. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो, म्हणून जुन्या लोकांची नळीत गरम पाणी ओतायची पद्धत बरोबरच होती, फक्त नंतर खडखडीत वाळवून तेल द्यायचं.

पुरात बुडालेली रायफल वाचते का?

वाचते, आमची वाचली. ऑगस्ट २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी ५७ फुटांवर. आम्ही आजीला खुर्चीत बसवून बाहेर काढलं, वडिलांनी शर्टाच्या आत रेशनकार्ड आणि लायसन्सचं पुस्तक घातलं, रायफल तळमजल्याच्या कुलपातल्या कपाटात राहिली. परत आलो तेव्हा कपाटाची दारं फुगून बसलेली, पहारीनं उघडली. रायफल दिसतच नव्हती, नुसता गाळाचा एक लांब उंडा होता. पोलिसांना कळवलं आणि मग कामाला लागलो, लायसन्स तेव्हा वडिलांचं, ते शेजारी बसून आणि मी हात घालून.

पुराचा गाळ वाळू देऊ नका. वाळला की पेव्हर ब्लॉक होतो आणि त्यातली बारीक वाळू बोल्ट फिरवला की सगळं खरवडते. बोल्ट जोर लावून उघडू नका, आधी स्वच्छ पाण्यानं भरपूर धुवा, पाणी बघून घाबरू नका, ती आधीच आठवडाभर पाण्यात होती. मग दस्ता वेगळा करा, लोखंड पुसून उन्हात तासभर, लगेच तेलात. आमच्याकडं मोठं भांडं नव्हतं म्हणून वडिलांनी पीव्हीसी पाइपचा तुकडा एका बाजूनं बंद करून त्यात तेल भरलं आणि नळी त्यात उभी केली, दोन दिवस. त्यातून बाहेर आली तेव्हा घरातले सगळे बघायला जमले होते.

आणि दस्ता? तो तर फुगलाय, चीर पण पडलीय.

इथं माझी चूक पहिल्यांदा सांगतो. सगळं लोखंड निघाल्यावर मला चेव आला आणि मी दस्ता सँडपेपरनं घासला. गुळगुळीत झाला, फार छान दिसला, आणि जोडल्यावर कळलं की लाकूड लोखंडापेक्षा खाली गेलंय. पूर्वी नख फिरवलं तर लोखंडावरून लाकडावर कधी आलं कळायचं नाही, आता पायरी लागते. ती पायरी आयुष्यभर राहणार. मूळ कारखान्यातलं फिनिश गेलं ते वेगळंच.

लाकूड सावलीत वाळवा, दोनतीन महिने, उन्हात नाही, पंख्याखाली नाही. हे मला मिरजेच्या एका सतारमेकरांनी सांगितलं, दस्ता बघायला ते घरी आले होते. माझं म्हणणं असं की आपल्या भागात जुन्या दस्त्यासाठी सल्ला घ्यायला यांच्याइतकी जवळची माणसं नाहीत, आणि त्यात इतिहास पण आहे, मिरजेत तंतुवाद्यं बनवणारी घराणी मुळातली शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणारी, पाणी देणारी. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम कमी झालं तशी ती सतारी आणि तंबोऱ्यांकडं वळली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते त्यांच्याच कामाला. त्या गृहस्थांनी दस्ता कानाजवळ धरून बोटानं टिचकी मारली, तंबोऱ्याच्या भोपळ्याला मारतात तशी, आणि म्हणाले, "अजून ओला आहे. बद्द वाजतोय. दिवाळीनंतर बघू." दिवाळीनंतर खणखणीत वाजला. चीर त्यांनी माझ्यासमोर सरसानं जोडली, एपॉक्सी नको म्हणाले, सरस उद्या गरम पाण्यानं सोडवता येतो, एपॉक्सी चुकलं तर चुकलं.

लाकूड दबून खळगा पडला असेल तर त्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवा, वाफेनं लाकडाचे तंतू फुगून वर येतात. हे लाकडाला चिरा गेलेल्या नसतील, नुसते दबलेले खळगे असतील तरच. जुनं तेल लाकडात मुरून काळं झालं असेल तर पेंटच्या दुकानातली व्हाइटिंग पावडर आणि सॉल्व्हंटचा लेप लावून ठेवा, वाळताना तेल ओढून घेतो. चेकरिंगच्या, म्हणजे पकडीसाठी कोरलेल्या चौकड्यांच्या, खाचा जुन्या टूथब्रशनं साफ करा.

शेवटी जवसाचं तेल, पेंटच्या दुकानात डबल बॉइल्ड मिळतं ते, स्वयंपाकाचं जवसतेल वाळायला जन्म लागतो. थेंबभर घेऊन तळव्यानं चोळायचं, गरम होईपर्यंत, उरलेलं पुसायचं, दोन दिवसांनी परत. आठदहा हात. आणि तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका! जवसाचं तेल वाळताना गरम होतं, बोळा असेल तर उष्णता आतच कोंडते आणि तो आपोआप पेटतो. मला ऐकून खोटं वाटलं होतं. एप्रिलच्या दुपारी गच्चीवरच्या बादलीतून धूर आला तेव्हा पटलं, बादली प्लास्टिकची होती, तिचं बूड गेलं. फडकी उलगडून दोरीवर वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

ब्लूइंग परत करून घेऊ का? नवी कोरी दिसेल.

दिसेल, आणि विकायला गेलात की त्याचाच तोटा होईल. नवीन ब्लूइंगच्या आधी पॉलिश करावं लागतं, त्या पॉलिशमध्ये छाप बुजतात, कडा गोल होतात, आणि जाणकार माणूस दहा फुटांवरून ओळखतो. मूळ ब्लूइंग साठ टक्के उरलेली रायफल मला शंभर टक्के नव्या ब्लूइंगपेक्षा जास्त आवडते आणि माझ्या बघण्यात डीलरांनाही. अगदीच पांढरी पडली असेल तर गनस्मिथकडून रस्ट ब्लू करून घ्या, जुनी पद्धत, गंज आणून उकळून काळा करायचा, पुन्हा पुन्हा, वेळ खाते पण जुन्या रायफलीला शोभते. बाटलीतलं कोल्ड ब्लू छोट्या ओरखड्याला ठीक, पण ते विषारी असतं, हातमोजे घाला आणि लेकरांपासून लांब.

रिकामा घोडा ओढून बघितला तर चालतं ना?

रिमफायरला नाही. काडतूस नसलं की बऱ्याच जुन्या रायफलींत पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते, तिथं खळगा पडतो, कडेचं लोखंड आत येतं आणि मग काडतूस नीट बसत नाही, टरफल ओढून निघत नाही. पाहुणे आले की प्रत्येक जण एकदा टक करून बघतो, आमच्या रायफलीच्या चेंबरवर पाहुण्यांची सही आहे म्हणा ना.

सोबत जुन्या काडतुसांचा डबा पण सापडला.

वापरू नका. लायसन्सवर चढलेली आहेत का बघा, नसतील तर रायफलीबरोबर ठाण्यात किंवा डीलरकडं जमा करा. फोडू नका, चुलीत टाकू नका, विहिरीत टाकू नका.

एकदा उडवून बघायची आहे. शेतात चालेल?

नाही. गनस्मिथकडून चेंबर आणि हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतुसाचं बूड यातली जागा) तपासून घ्या, मग रेंजवर, परवानगीनं. नळीवर कुठलं काडतूस लिहिलंय तेच घाला, शॉर्ट लिहिलं असेल तर लाँग रायफल नाही, आणि मॅग्नम तर वेगळंच काडतूस आहे. रानडुकरं फार झालीत हे मला पण माहीत आहे, आमचा पण ऊस खातात, पण १९७२ चा वन्यजीव कायदा आहे आणि पॉइंट टू टूनं डुक्कर मरत नाही, जखमी होऊन पुढच्या माणसाच्या अंगावर जातं.

बरं, किंमत किती येईल?

हा प्रश्न सगळे पहिल्यांदा विचारतात आणि मी शेवटाकडं ठेवतो. आकडा फोनवर सांगता येत नाही, पण किंमत कशावर ठरते ते सांगतो.

आपल्याकडं जुनी परदेशी रायफल महाग असायचं कारण तिचं वय नाही. १९८० च्या दशकात सामान्य माणसाला बंदूक आयात करणं बंद झालं, त्यामुळं आधी आलेल्या ब्रनो, बीएसए, जर्मन आहेत तेवढ्याच फिरतायत. म्हणून अमेरिकेतल्या लिलावाचे आकडे बघून डॉलरला रुपयानं गुणू नका, तिथं तीच रायफल बऱ्यापैकी स्वस्त असू शकते. उलट बाजूनं, २०१९ नंतर मर्यादा दोनवर आली, म्हणजे घेणाऱ्याच्या लायसन्सवर जागा असली पाहिजे, आणि जागा एकच असेल तर तो पॉइंट टू टू घेईल की बारा बोअर की पिस्तूल असा विचार करतो. बाजार लहान आहे. घेणारा मिळाला तर किंमत, नाही मिळाला तर नुसती आठवण.

त्यात सगळ्यात वर कागद. नंबर लायसन्सवर जसाच्या तसा आहे का, नूतनीकरणाची साखळी तुटलेली नाही ना, मूळ खरेदीची पावती आहे का. मग नळी. मग मूळपणा, म्हणजे मूळ साइट (नेम धरायची खूण), मूळ मॅगझिन, मूळ दस्ता, बोल्टचा जुळणारा नंबर. ब्रनोचं मॅगझिन हरवलेलं असतं हमखास, कुणीतरी लहानपणी खेळायला घेतलेलं असतं, ते शोधा, माळा परत झाडा. दुर्बीण बसवायला कुणी वरून भोकं पाडली असतील तर किंमत धाडकन पडते, भोकं बुजवली तरी. दस्त्यावर नाव कोरलेलं, खिळे ठोकलेले, क्रोम केलेला बोल्ट, हे सगळं वजा. हातानं वापरून झिजलेलं ब्लूइंग, मुठीपाशी काळवंडलेलं लाकूड, हे वजा नाही.

दोन डीलरना दाखवा, दोघांना वेगवेगळं. डीलर घेतो ती किंमत आणि विकतो ती किंमत यात फरक असणारच, त्याचं पण दुकान आहे, लायसन्स आहे, महिनोन् महिने माल पडून असतो.

विकायची कशी?

डीलरकडं ठेवा, सगळ्यात सोपं. खासगी माणसाला द्यायची असेल तर त्याचं लायसन्स पाहिजे, त्यात त्या हत्याराची जागा पाहिजे, आणि जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. पैसे घेऊन "कागद नंतर करू" म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि पाठवा.

निवडणुकीत जमा केली आणि परत आली ती गंजून. काय करू?

काय करणार. २०१९ ला पुरानंतर महिन्याभरात आमची, नुकतीच तेल पाजलेली, विधानसभेसाठी एका ठाण्यात जमा झाली आणि दोन महिन्यांनी परत आली तेव्हा नळीवर कुणाच्या तरी पाच बोटांचे ठसे गंजात उमटलेले होते, घामातल्या मिठाचे, अगदी अंगठ्यासकट. तेव्हापासून जमा करायच्या आदल्या रात्री मी जाड ग्रीसचा हात देतो, मेणकागदात गुंडाळतो आणि वर कापडाची पिशवी शिवतो. २०२४ ला लोकसभा आणि विधानसभा दोन्ही वेळा कोरडी परत आली.

घरी पण रेक्झिनच्या किंवा चामड्याच्या कव्हरमध्ये वर्षभर ठेवू नका, ओल धरतं. कुलपाचं कपाट, बोल्ट वेगळ्या कुलपात, सिलिका जेलच्या पुड्या, आणि सांगलीत राहत असाल तर वरच्या मजल्यावर.

तुमच्या रायफलीची किती आली?

डीलरनी आधी लायसन्सचं पुस्तक बघितलं, वडिलांनी शर्टात घातलेलं तेच, पानं लाटांसारखी झालीत पण शिक्के वाचता येतात. मूळ पावती पुरात गेली, ती कपाटात होती. मग त्यांनी स्क्रू बघितले, मग नळी, मग दस्त्यावर नख फिरवलं आणि माझ्या पायरीपाशी थांबले. "हे कुणी केलं?" मी वडिलांकडं बघितलं, वडील छताकडं बघत होते. सरसाची चीर त्यांना सापडलीच नाही, मीच दाखवली. आकडा सांगितला त्यांनी. तो इथं लिहीत नाही, कारण हे काका पण वाचतील.